उघडलं, पण लागेना

हा छंद मला पन्नाशीला लागला. आमच्या भागात या वयात माणसाला एकतर मधुमेह होतो, नाहीतर त्याच्या गळ्यात माळ पडते. मला कुलपं लागली. नोकरी आयटीआयतली, फिटर ट्रेडचा निदेशक. उभी हयात पोरांच्या हातात कानस देऊन ‘दाब देऊ नको, घास’ असं ओरडण्यात गेली. त्यामुळे हात आधीच तयार होता. डोकं तेवढं तयार नव्हतं, ते पुढे कळलं.

सुरुवात वर्कशॉपमधल्या एका कपाटापासून झाली. किल्ली हरवली होती. शिपाई छिन्नी-हातोडा घेऊन निघालाच होता, तेवढ्यात कुणीतरी नारायणगावच्या बाजारातल्या चावीवाल्या चाचांना घेऊन आलं. चाचांनी पिशवीतून कोऱ्या चाव्यांचा जुडगा काढला, एक निवडली, मेणबत्तीच्या धुरावर धरून काळी केली, कुलपात घालून हलकेच पिळली आणि बाहेर काढून उजेडाकडे धरली. काजळीवर टाचणीच्या टोकाएवढे चकाकते ठिपके उठले होते. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात मारले. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ, पुन्हा ठिपके. जेवणाच्या सुट्टीआधी चावी फिरली. आत काय आहे ते न बघता बाहेर बसून आतल्या मापाची वस्तू घासायची, हे मी वर्गात शिकवत होतो त्याच्या एक इयत्ता पुढचं होतं. मला असूया वाटली. चाचा पैसे घेऊन, चहा पिऊन निघून गेले. मी भंगारवाल्याकडून मोडकी कुलपं आणायला सुरुवात केली.

हत्यारं घरीच केली. हॅकसॉच्या तुटक्या पात्याचे आकडे घासले, गाडीच्या वायपरमधली पोलादी पट्टी वाकवून ताण द्यायची सळई केली.

घराच्या दाराला असतं ते पिनांचं कुलूप लायनस येल या अमेरिकन माणसाचं. त्याची पेटंटं १८६१ आणि १८६५ सालची. आत एक गोल दांडा, त्यात ओळीने पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात दोन तुकड्यांची पिन आणि वर स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पिनांचे सांधे दांड्याच्या कडेशी येतात आणि दांडा फिरतो. कागदावर हे कुलूप किल्लीशिवाय उघडूच नये. पण ड्रिलवर काम केलेल्या कुणालाही विचारा, ओळीत मारलेली पाच भोकं कधी ओळीत पडतात का? केसभर फरक राहतोच. म्हणून दांड्यावर हलका ताण ठेवला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत. एक अडकते, बाकीच्या मोकळ्या राहतात. ती कोणती ते शोधायचं, आकड्याने उचलायची. बोटाला बारीकशी टक् लागते आणि मग पुढची अडकते. कारखान्याच्या चुकीवर सगळा खेळ. पोरांच्या जॉबमधल्या चुका काढण्यात जन्म गेलेल्या माणसाला आणखी काय हवं होतं?

या छंदात जगभर दोन नियम मानतात. जे कुलूप आपलं नाही ते उघडायचं नाही. आणि जे वापरात आहे ते, आपलं असलं तरी, उघडायचं नाही. पहिला नियम नीतीचा वाटतो, दुसरा नुसता सावधगिरीचा. दुसरा मी लगेचच मोडला. स्वतःच्या घराच्या दारावर हात साफ करायला गेलो आणि आकड्याचं टोक आत मोडून बसलं. ही ओतूरहून माहेरच्या माणसांना घेऊन आली तेव्हा मी कडी कापत होतो. जावई स्वतःचं घर फोडतोय हे सासरेबुवांनी ओट्यावर बसून शेवटपर्यंत पाहिलं. काही बोलले नाहीत. नवीन कडी-कोयंडा बसवायला येतो म्हणाले, आणि खरंच आले.

हळूहळू जोडीदार भेटले. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक विद्यार्थी, घोडेगावचे एक निवृत्त बँकवाले, आळेफाट्याचा एक लेथवाला. या लेथवाल्याच्या शेडमध्ये आम्ही जमायचो. भजनी मंडळात टाळ फिरावेत तशी कुलपं हातोहात फिरायची आणि तासभर कुणी बोलायचं नाही. बँकवाल्यांकडे एक खास नग होता. डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं, त्याआधी लोकांनी घरांची दारं-चौकटी सोडवून नेल्या. तसल्या एका दाराबरोबर हे कुलूप आलेलं, पेचाचं. त्याच्या किल्लीला आटे असतात, ती पिळत पिळत आत न्यावी लागते. किल्ली अर्थात तिकडेच राहिली. आमच्यातल्या कुणालाही ते कुलूप उघडता आलं नाही. बँकवाल्यांना अर्देशीर गोदरेजांचंही भारी कौतुक. वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारं करून पाहिली, तेही फसलं, तेव्हा हा माणूस १८९७ साली लालबागला कुलपं करायला बसला. हे ते दरवेळी सांगायचे आणि आम्ही दरवेळी ऐकायचो.

परदेशात या मंडळींचं रीतसर चालतं. जर्मनीत १९९७ साली त्यांची संस्था निघाली, नेदरलँड्समध्येही आहे, तिथे स्पर्धा भरतात. आपणही मंडळ नोंदवू, असं एकदा आमच्या डोक्यात आलं. अर्जात ‘संस्थेचा उद्देश’ या रकान्यात काय लिहायचं, तिथे गाडं अडलं ते अडलंच.

अडणारच. नदीवरच्या मोटारींच्या केबल चोरीला जाणाऱ्या, कांद्याच्या बराखीला राखण ठेवाव्या लागणाऱ्या मुलखात ‘मला कुलपं उघडायला आवडतात’ हे वाक्य चारचौघांत बोलायचं नसतं. वास्तविक चोर कुलूप उघडत बसत नाही. त्याला वेळ नसतो. तो पहार घालून कोयंडा उपटतो. हे मी एकदा रात्रीच्या नाकाबंदीत एका हवालदारसाहेबांना समजावून सांगत होतो. पायाशी माझी पिशवी उघडी होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘एवढं सगळं तुम्हाला कसं माहीत?’ नंतर मी कायदा वाचला. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा, आणि कारण सबळ होतं हे दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. त्या रात्री आयटीआयच्या ओळखपत्रावर सुटलो. यातून काही शिकायचं तर मी शिकलो ते इतकंच की पिशवी डिकीत ठेवावी.

अंगात मस्ती आली होती, दुसरं काय. लग्नाकार्यात, दहाव्याला, कुठेही मी लंडनची गोष्ट लावायचो. ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने १७९० साली दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलं. उघडून दाखवील त्याला दोनशे गिनी. साठ वर्षं ते कुणाला उघडेना. मग १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्याने ते उघडलं. लोक माना डोलवायचे. त्या कामासाठी पंच नेमले होते, कुलपाच्या मालकांशी आधी अटी ठरल्या होत्या, हा भाग मी घाईघाईत उरकायचो. त्यात रंगत नव्हती.

आता वाड्याकडे येतो.

आमचा मूळ वाडा जुन्नरच्या पेठेत. आजोबांच्या मागे वडील आणि काका असे दोन वाटे, पण कागदोपत्री वाटप झालेलं नव्हतं. तोंडी समजूत होती. काका मुंबईला गिरणीत, त्यामुळे उगवतीकडची खोली त्यांच्या नावाने बंद असायची. काका-काकू गेल्यावर चुलतभाऊ, माझ्याहून मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो गणपतीत येऊन चार दिवस राहायचा. खोलीला काकांच्या वेळचं अलिगढचं जाड पितळी कुलूप. त्यात पिना नसतात, पट्ट्यांची थप्पी असते. प्रत्येक पट्टीला खाच असते. सगळ्या पट्ट्या आपापल्या नेमक्या उंचीवर उचलल्या की खाचा जुळतात आणि जीभ सरकते. जास्त उचललं तरी नाही, कमी उचललं तरी नाही. वाड्यात आईला भेटायला गेलो की निघताना माझा हात त्या कुलपाला लागल्याशिवाय राहायचा नाही.

एका आषाढात झड लागली होती. त्या खोलीच्या दाराखालून ओल आमच्या माजघरात यायला लागली. दादाला फोन केला, लागला नाही. आई म्हणाली, ‘त्याला येऊ दे. दोन दिवसांनी काही भिंत पडत नाही.’ गळती खरी होती. पण गळती नसती तरी त्या पावसाळ्यात मी दुसरं काही निमित्त काढलंच असतं, हे आता लिहायला हरकत नाही. पिशवी बरोबर होती. ती काही योगायोगाने बरोबर नव्हती.

कडीत लटकलेलं कुलूप डाव्या हातात पोटाशी धरलं, ताण दिला आणि एकेक पट्टी चाचपत गेलो. जुनं कुलूप, पट्ट्या झिजलेल्या. त्यांनी फारसा विरोध केला नाही. जीभ सरकली, कडी सुटली. मान वर केली तर पलीकडच्या ओट्यावर शेजारच्या आजी तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांनी विचारलं, ‘किल्ली हाये का तुझ्याकडं?’

मी म्हणालो, ‘मला किल्ली लागत नाही, आजी.’

हे वाक्य पुढे वकिलाच्या नोटिशीत आलं, अवतरणचिन्हांसकट.

आत दोन कौलं सरकली होती. खाली घमेलं ठेवलं. काकूंची पत्र्याची पेटी पाण्यात येत होती, ती भिंतीकडे सरकवली. पेटीला तिचं स्वतःचं कुलूप होतं, त्याला मी हात लावला नाही. बाहेर आलो, दार ओढलं, कुलूप कडीत घातलं आणि दाबलं.

लागेना. लागणारच नव्हतं. ते खटक्याचं कुलूप नव्हतं, किल्लीनेच लावायचं होतं. जीभ बाहेर काढताना जशा सगळ्या पट्ट्या उंचीवर लागतात, तशाच ती आत घालतानाही लागतात. म्हणजे जे केलं तेच उलट्या दिशेने पुन्हा करायचं. आणि एवढ्या दिवसांत मी एकदाही कुलूप लावायचा सराव केला नव्हता. शेडमध्ये उघडलं की टाळी पडायची आणि कुलूप पुढच्याकडे जायचं. लावायचं काम ज्याच्याकडे किल्ली असेल तो करायचा.

मी खटपट करत राहिलो. अंधारून आलं, हातावर पाणी गळत होतं, आजी तांदूळ संपवून नुसत्याच बघत बसल्या होत्या. शेवटी मी दाब दिला. वर्गात ज्यासाठी पोरांना ओरडत होतो तोच. आत खट् असं वाजलं. एका पट्टीची स्प्रिंग गेली. आता ते कुलूप खऱ्या किल्लीनेही फिरणार नव्हतं.

पेठेतून नवीन कुलूप आणून लावलं. किल्ल्या खिशात घातल्या आणि शेवटच्या गाडीने नारायणगावला आलो. रात्री दादाला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं होतं. केला नाही. काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. दुसऱ्या दिवशी अलिगढच्या कुलपाची तशीच स्प्रिंग मिळते का पाहू, दुरुस्त करून परत लावू, मग कळवायची गरजच नाही, असा नवा बेत झाला. स्प्रिंगच्या शोधात आठवडा गेला. तेवढ्यात आजींच्या मुलाने मुंबईला कळवलं होतं.

वाटप न झालेल्या वाड्यात भाऊबंदाच्या खोलीवरचं कुलूप काढून आपलं लावणं याला आपल्याकडे छंद म्हणत नाहीत. त्याला ताबा म्हणतात. दादाने मला विचारलंसुद्धा नाही, आणि त्यात त्याची चूक काढायला जागा नाही. त्याच्या जागी मीही वकीलच गाठला असता. नोटिशीत दोन मुद्दे होते. एक, अनधिकाराने ताबा. दोन, काकूंच्या पेटीतला चांदीचा करंडा गहाळ.

पेटी मी उघडली नव्हती. पेटीचं कुलूप शाबूत होतं. माझ्या वकिलांनी हे सांगितलं तेव्हा समोरचे वकील नुसते हसले. ज्याला किल्ली लागत नाही त्याच्या बाबतीत ‘पेटीला कुलूप होतं’ या म्हणण्याला काय अर्थ? माझी सगळी कीर्ती माझ्याच विरुद्ध पुरावा झाली. लग्नाकार्यात हॉब्जची गोष्ट ऐकलेले निम्मे लोक जुन्नरचेच होते. हॉब्जने पंच का बसवले ते मला कोर्टाच्या आवारात बाकावर बसल्या बसल्या समजलं. उघडता येतं हे दाखवायला पंच लागत नाहीत. फक्त उघडलं, आणखी काही केलं नाही, हे सांगायला लागतात. चब नावाच्या इंग्रजाने १८१८ सालीच एक कुलूप केलं होतं. कुणी आगंतुकाने पट्टी जास्त उचलली की ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात घातला. दादाच्या कुलपाला असली सोय नव्हती. गरजही पडली नाही, मी नवं कोरं कुलूप लावून स्वतःच जाहीर केलं होतं.

पुढचं थोडक्यात. दावा दाखल झाला, ‘जैसे थे’चा हुकूम झाला. जैसे थे म्हणजे कौल सरकवायचं नाही, खिळा मारायचा नाही. त्यामुळे जी गळती थांबवायला म्हणून मी आत गेलो होतो ती दोन्ही पक्षांच्या संमतीने चालू राहिली आणि पुढच्या एका पावसाळ्यात मधली भिंत बसली. आईला मी नारायणगावला आणलं. तिला ते मानवलं नाही. ती गेली तेव्हा दादा दहाव्याला आला, उभ्या उभ्या आला आणि पाण्याचा घोटही न घेता गेला. लहानपणी तो सुट्टीत आला की माझ्या आईच्या हातचं खाल्ल्याशिवाय झोपत नसे.

शेडमध्ये जाणं मी बंद केलं होतं. मंडळींनी एकदा बोलावून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. विद्यार्थ्याने विचारलं, पट्ट्या किती होत्या? त्याच्यावर बाकीचे खेकसले. मला मात्र तो प्रश्न बरा वाटला.

चाचांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कानस पुसत राहिले. मग म्हणाले, ‘सर, चावी का नाही बनवली?’ मला आधी कळलंच नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गिऱ्हाईक येतं ते कुलूप उघडायला येत नाही. त्याला उद्याही ते दार वापरायचं असतं. म्हणून चाचा चावी बनवतात, मग ती उघडते पण आणि लावते पण. नुसतं उघडून देणं त्यांच्या लेखी अर्धवट काम. आणि काम करताना मालक शेजारी उभा पाहिजे, नसेल तर ते हात लावत नाहीत, मग कितीही पैसे द्या. ‘मालक नाही तर मी कशाला बसू?’ म्हणाले. एवढं बोलून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाची चावी हातात घेतली.

करंडा पुढे सापडला. काकूंनी तो हयातीतच मुलीला, म्हणजे दादाच्या बहिणीला दिला होता, आणि ते दादाला माहीत नव्हतं. ताईनेच एका रक्षाबंधनाला तो काढून दाखवला म्हणे. दादाने कुणाकरवी तरी निरोप पाठवला. मला वाटलं होतं मोठा आनंद होईल. तसं काही झालं नाही. करंडा माझ्याकडे नव्हता एवढंच त्यातून ठरलं, दार मी उघडलं होतं ते उघडलंच होतं. पण वाट मोकळी झाली. लोकअदालतीत तडजोड झाली, वाटप कागदावर आलं. मी मधल्या भिंतीचा खर्च दिला. तो मीच देणं लागत होतो.

आता शेडमध्ये आमचा एक जादा नियम आहे. उघडलेलं कुलूप किल्ली न लावता परत बंद करून दाखवल्याशिवाय ते उघडलं असं धरत नाही. विद्यार्थी, जो आता चाकणला नोकरीला आहे, या नियमावर चिडतो. लावणं उघडण्यापेक्षा अवघड आहे अशी त्याची तक्रार आहे.

परवा दादाच्या मुलाचं लग्न ओतूरला झालं. पंगत उठल्यावर दादाने मला हाताला धरून व्याह्यांपुढे उभं केलं आणि म्हणाला, ‘हे आमचे धाकटे बंधू. यांना किल्ली लागत नाही.’ व्याह्यांना संदर्भ माहीत नव्हता, तरी ते हसले. दादाही हसला, म्हणून मीही हसलो. व्याह्यांची बेल्ह्याकडे कांद्याची बराख आहे आणि तिच्या कुलपाची किल्ली भावाने कुठेतरी हरवली होती. ‘तुम्ही घरचेच आहात, जाता जाता तेवढं बघता का?’ त्यांनी विचारलं. भाऊ कुठे आहे, मी म्हणालो. तो पुण्याला गेला होता. मग मी त्यांना चाचांचा नंबर दिला, आणि भाऊ आल्यावरच फोन करा म्हणून बजावलं.